आढ्यावरची फट बुजवावी की राखावी?

घाटकोपरहून वर्सोव्याकडे जाणारी मेट्रो रेल्वे जून २०१४ मध्ये सुरू झाली. ही गाडी सबंध मार्गभर खांबांवरून धावते. तिच्यामुळे उपनगरांतल्या लोकांना एक नवीच गोष्ट पाहायला मिळाली, ती म्हणजे आपल्या वस्तीची छपरे! रस्त्याने चालताना छपराची फार तर कड दिसते. घाटकोपर सोडल्यावर साकीनाक्यापर्यंत दाराजवळ उभे राहा. असल्फ्याच्या टेकडीवर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली शेकडो छपरे एका नजरेत येतात. पुढे साकीनाका-मरोळच्या बाजूला कारखान्यांच्या शेडी लागतात आणि त्यांच्या माथ्यावर भोपळ्याच्या आकाराचे चकचकीत गोळे गरगर फिरताना दिसतात. हे गोळे विजेवर चालणारे पंखे नव्हेत आणि वीज तयार करणारी यंत्रेही नव्हेत. ती छपराची नाके आहेत, एवढे सध्या लक्षात ठेवा.

मे महिन्याच्या अखेरीस हाच प्रवास केलात, तर छपराछपरावर माणसे चढलेली दिसतील. कोणी निळे प्लास्टिक अंथरतो आहे, कोणी त्यावर विटा ठेवतो आहे, कोणी पत्र्यांच्या सांध्यांत सिमेंट किंवा डांबर लिंपतो आहे. या लिंपालिंपीचा सगळ्यांत जास्त जोर असतो तो छपराच्या अगदी माथ्यावर, जेथे दोन उतार एकमेकांना मिळतात त्या रेषेवर. पाणी तेथूनच आत येते असा सर्वांचा अनुभव असतो, म्हणून ती रेषा गच्च बुजवली जाते. जूनमध्ये गळती थांबते. पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये मात्र त्याच घरात दुपारी बसवत नाही, दहावीच्या परीक्षेचा अभ्यास करणारी मुले पुस्तके घेऊन बाहेरच्या जिन्यावर येऊन बसतात आणि स्वयंपाकाची वाफ रात्रीपर्यंत घरात कोंडून राहते. गळती आणि कोंडी यांतून एकच काहीतरी निवडावे लागते, असे घरातल्या माणसांना वाटू लागते. ते खरे आहे का, हे पदार्थविज्ञानाला विचारून पाहू.

आधी शब्द समजून घेऊ. छपराच्या माथ्यावरून जाणारे आडवे लाकूड म्हणजे आढे. आढ्याच्या दोन्ही बाजूंना उतरणारी छपराची अंगे म्हणजे पाखी. पाख्याची खालची, भिंतीबाहेर आलेली कड म्हणजे वळचण. मंगलोरी कौलांच्या घरात आढ्यावर जी उलट्या पन्हळीसारखी कौले एका ओळीत पालथी बसवतात, त्यांना कोकणात कोने म्हणतात. पावसाळ्यापूर्वी छपराची जी डागडुजी करायची, तिला शाकारणी हा जुना आणि नेमका शब्द आहे. पत्र्याच्या छपरावर कोन्याच्या जागी दोन्ही पाख्यांवर वाकवलेली पत्र्याची लांब पट्टी असते. तिला बाजारात ‘रिज’ म्हणतात. या कोन्याखाली किंवा रिजखाली हवेसाठी मुद्दाम ठेवलेली वाट म्हणजेच आपल्या लेखाचा विषय, आढ्यावरची फट.

ही फट हवी कशाला? ‘गरम हवा वर जाते म्हणून’ असे उत्तर वर्गातला कोणीही देईल. पण ते उत्तर अर्धेच आहे. गरम हवा आपण होऊन वर जात नाही. तिला खालून आत शिरणारी थंड, जड हवा वर ढकलते. पाण्यात बूच वर येते ते पाणी खाली जाऊ पाहते म्हणून, तसेच हे. तेव्हा ढकलणारी हवा आत यायला वाट नसेल, तर ढकलली जाणारी हवाही जागची हलणार नाही.

ही ढकल किती जोराची असते? शिक्षकांनी हा हिशेब वर्गात फळ्यावर करून घेण्याजोगा आहे. समजा, बाहेरच्या हवेपेक्षा खोलीतली हवा १० अंशांनी अधिक तापलेली आहे आणि खिडकीपासून आढ्यापर्यंतची उंची २ मीटर आहे. एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ किलोग्रॅम असते. तापमान केल्व्हिनमध्ये मोजले, तर ३०० मध्ये १० अंशांची वाढ म्हणजे तिसावा भाग, म्हणून आतली हवा सुमारे तिसाव्या भागाने हलकी होते. दाबातील फरक काढण्यासाठी १.२ ला गुरुत्व प्रवेग ९.८ ने गुणा, उंची २ ने गुणा आणि ३० ने भागा. उत्तर येते सुमारे ०.७८ पास्कल. हा दाब इतका क्षुल्लक आहे की, पाण्याच्या भाषेत सांगायचे तर एक मिलिमीटरच्या बाराव्या-तेराव्या हिश्शाएवढ्या उंचीचे पाणीच तो तोलून धरू शकेल.

एवढ्याशा दाबाने काय होणार, असे वाटेल. पण हवा फार हलकी असते, तिला एवढाही रेटा पुरतो. आढे ४ मीटर लांब असेल आणि त्याखाली अडीच सेंटिमीटर रुंदीची फट सलग ठेवली असेल, तर फटीचे क्षेत्रफळ ०.१ चौरस मीटर होते. तेवढीच वाट खालीही उघडी असेल, तर वरील दाबाने तासाला सुमारे १७० घनमीटर हवा बाहेर पडते. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि सरासरी तीन मीटर उंच खोलीत ३६ घनमीटर हवा मावते. म्हणजे वारा पूर्ण पडलेला असताना, विजेचा एक पैसाही न खर्चता, खोलीतली सगळी हवा तासाला चार ते पाच वेळा बदलते.

आता खालची वाट बंद करा. खिडकी नाही, दार लावलेले, आढ्यावर फट मात्र आहे. पाण्याने भरलेली बाटली एकदम उलटी केल्यावर काय होते, ते तुम्ही पाहिले आहे. पाणी धड पडत नाही, गुडगुड करीत अडखळत बाहेर येते; कारण पाण्याला बाहेर पडायला आणि हवेला आत शिरायला तोंड एकच असते. खोलीचेही तसेच होते. गरम हवा आणि थंड हवा एकाच फटीत एकमेकींची वाट अडवतात. म्हणून ‘आढ्यावर फट ठेवली पण काही उपयोग झाला नाही’ असे कोणी सांगितले, तर प्रथम खाली पाहावे. उपनगरांतल्या दाटीच्या वस्त्यांत खोलीच्या तीन भिंती शेजाऱ्यांशी सामाईक असतात, उघडी बाजू फक्त दाराची. अशा वेळी दाराच्या खालच्या भागाला जाळी बसवणे हाच खालची वाट करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

एक उदबत्ती घेऊन तुम्हाला हे घरीच पाहता येईल. दुपारी, पंखा बंद करून, दार हातभर उघडे ठेवा. उदबत्ती दाराच्या फटीत अगदी खाली धरा: धूर आत वळेल. मग ती हळूहळू वर न्या. एका उंचीवर धूर कोणत्याच बाजूला न झुकता सरळ उभा राहील आणि त्याच्यावर बाहेर वळू लागेल. जेथे तो सरळ उभा राहिला, तेथे आतला आणि बाहेरचा दाब सारखा आहे. तिला तटस्थ पातळी म्हणता येईल. आढ्यावरची फट उघडी असेल, तर ही पातळी वर सरकते आणि दाराच्या बऱ्याच मोठ्या भागातून हवा आतच येताना दिसते. आढे बुजवलेले असेल, तर ती खाली, दाराच्या मध्याकडे येते. तेव्हा शाकारणीपूर्वी आणि शाकारणीनंतर दारावर खडूने खूण करून ठेवली, तर छपरावर न चढता तेथे काय झाले ते कळते!

वारा सुटला की हिशेब बदलतो. ताशी ११ किलोमीटरचा वारा म्हणजे सेकंदाला ३ मीटर. हा वारा अडवला, तर सुमारे साडेपाच पास्कल दाब निर्माण होतो, म्हणजे मघाच्या गरम हवेच्या दाबाच्या सातपट. फार तीव्र उतार नसलेल्या छपरावरून वारा वाहताना आढ्याजवळ त्याचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. आढ्यावरच्या फटीतून मग आतली हवा ओढली जाते. मरोळच्या शेडींवरचे ते गरगरणारे गोळे या दोन्ही गोष्टींचा फायदा घेतात. खालून येणारी गरम हवा त्यांच्या पात्यांना हलका रेटा देते, वारा त्यांना बाहेरून फिरवतो आणि फिरता फिरता पावसाचे थेंबही ते बाहेर भिरकावतात.

येथवर फटीचे गुणगान झाले. आता जून उजाडला असे समजा. सांताक्रूझच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी २,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. याच वेधशाळेने २६-२७ जुलै २००५ च्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला होता. पण छपराच्या दृष्टीने पाऊस किती पडला यापेक्षा तो कसा पडला याला महत्त्व अधिक. सरळ खाली पडणारे पाणी कोणतेही छप्पर उतारावरून काढून देते. गळती होते ती पाणी वर चढते म्हणून. पाणी वर चढते? होय, आणि तेही दोन तऱ्हांनी.

पहिली तऱ्हा वाऱ्याची. पावसाळ्यातला जोराचा झोत ताशी ७२ किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला २० मीटर धरा. त्याचा दाब येतो २४० पास्कल, म्हणजे सुमारे २४ मिलिमीटर उंच पाणी तोलून धरील इतका. हे झाले सरळ उभ्या उंचीत. पत्रा तिरका असेल तर पाणी उतारावरून याहून लांब मागे सरकते. उतार ३० अंशांचा असेल, तर २४ मिलिमीटर उंची गाठण्यासाठी पाण्याला पाख्यावरून ४८ मिलिमीटर वर यावे लागते. उतार १० अंशांचाच असेल, तर ते तब्बल १४० मिलिमीटरपर्यंत वर येऊ शकते. एका पत्र्यावर दुसरा पत्रा वीतभर चढवावा, असे जुने कारागीर सांगतात आणि बांधकामाच्या पुस्तकांत हे माप १५० मिलिमीटर दिलेले असते, ते उगीच नव्हे. दाटीच्या वस्तीत शेजाऱ्याच्या खिडकीखाली छप्पर बसवण्यासाठी उतार कमी ठेवतात, पत्रा वाचावा म्हणून चढणही कमी देतात आणि मग दोष आढ्याला देतात.

दुसरी तऱ्हा केशाकर्षणाची. प्रयोगशाळेतल्या काचेच्या दोन पट्ट्या घ्या. एका कडेला त्या एकमेकींना टेकवा, दुसऱ्या कडेला मध्ये आगपेटीची काडी ठेवा, वरून रबर बांधा आणि रंगीत पाण्यात उभ्या करा. जेथे काचा जवळ आहेत तेथे पाणी उंच चढलेले दिसेल आणि काडीकडे उतरत गेलेली सुंदर वक्र रेषा तयार होईल. फट अर्ध्या मिलिमीटरची असेल तेथे पाणी सुमारे ३० मिलिमीटर चढते, एक मिलिमीटरच्या फटीत १५ आणि पाच मिलिमीटरच्या फटीत जेमतेम ३ मिलिमीटर. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. पत्र्यावर पत्रा जितका घट्ट दाबाल, तितके पाणी वर चढेल! ‘घट्ट बसवले की गळत नाही’ ही समजूत आढ्यावर उलटी पडते. पाच-सहा मिलिमीटरची मोकळी जागा ठेवली, तर केशाकर्षणाची ही वाट तुटते.

याशिवाय वाऱ्यावर आडवे उडत येणारे थेंब आहेतच. ते फटीच्या तोंडावर बंदुकीच्या छऱ्यासारखे आदळतात.

आता दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा. आतली गरम हवा बाहेर ढकलणारा दाब पाऊण पास्कल, पाणी आत ढकलणारा दाब २४० पास्कल, म्हणजे तीनशे पट. आढ्यावरच्या फटीला पहिल्याला वाट द्यायची असते आणि दुसऱ्याला अडवायचे असते. हे काम अशक्य वाटते. पण हवा आणि पाणी यांच्यात एक फरक आहे आणि सगळी युक्ती त्यावर उभी आहे. हवा सहज वळते, थेंब वळत नाही. थेंब त्याच आकारमानाच्या हवेपेक्षा आठशे पट जड असतो. जडत्वामुळे तो सरळच जातो आणि समोरच्या आडोशावर आपटून खाली ओघळतो. म्हणून फटीची वाट सरळ न ठेवता नागमोडी ठेवायची. रिजची पट्टी फटीवरून दोन्ही बाजूंना वीतभर खाली उतरवायची, म्हणजे हवेला आधी खाली आणि मग बाहेर जावे लागेल. शिवाय आतल्या पत्र्याची वरची कड उभी वळवायची, म्हणजे वाऱ्याने चढलेल्या पाण्याला बांध लागेल. चोवीस मिलिमीटर चढणाऱ्या पाण्यापुढे चार-पाच सेंटिमीटरचा बांध पुरेसा होतो. अगदी बारीक तुषार मात्र हवेबरोबर वळतात. वादळात चांगल्या फटीतूनही घरात थोडी ओल येते आणि ती सोसायची तयारी ठेवावी लागते.

मग आपल्या आजोबांच्या कौलारू घरात ही फट का नव्हती? पार्ले, मुलुंड, बोरिवली येथल्या जुन्या चाळी आणि बंगल्या मंगलोरी कौलांच्या होत्या. एकमेकांत अडकणाऱ्या कौलाचे पेटंट जिलार्डोनी बंधूंनी युरोपात १८४१ साली घेतले. त्याच जातीची कौले बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी १८६५ मध्ये मंगळूरला कारखान्यात काढायला सुरुवात केली आणि गलबतांतून ती सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. या छपरात चौरस मीटरला सुमारे पंधरा कौले बसतात आणि प्रत्येक कौलाच्या कडेला हवेपुरती बारीक वाट असते. सबंध पाखेच श्वास घेत असे. निराळे नाक लागत नव्हते. जेथे धूर जास्त, तेथे स्वयंपाकघरावर फणा उंचावलेले हवेचे कौल बसवीत. पुढे कौले महागली, माकडांनी फोडली, चांगले शाकारणारे मिळेनासे झाले आणि कौले उतरवून पत्रे चढवले गेले. पत्रा आला, गळती कमी झाली, पण त्याबरोबर त्या हजारो बारीक वाटाही गेल्या. पत्र्याच्या घराला आढ्यावर फट लागते ती या कारणाने, आणि नेमकी तीच आपण सिमेंटने बुजवतो!

अमेरिकेतल्या घरांवरून ही अडचण दुसऱ्या टोकाने पाहता येते. तेथे लाकडी फळ्यांवर डांबरी चकत्या खिळ्यांनी ठोकून छप्पर करतात आणि त्याखाली माळ्याची बंद पोकळी असते. थंडीत घरातली बाष्पयुक्त हवा त्या पोकळीत शिरते, गार फळ्यांवर तिचे पाणी होते आणि लाकूड कुजते. म्हणून आढ्यावर सलग फट कापून तिच्यावर जाळीदार टोपी बसवतात आणि वळचणीखालीही तेवढीच वाट ठेवतात. माळ्याच्या दर तीनशे चौरस फुटांमागे एक चौरस फूट मोकळी वाट असावी, असा तिकडे रूढ नियम आहे. तिकडे गेलेल्या आपल्याकडच्या कुटुंबांना छपराच्या दुरुस्तीचे पहिले बिल येते, तेव्हा हे सारे कळते. आपल्याकडे बर्फ नाही, पण जानेवारी-फेब्रुवारीच्या पहाटे पत्रा आकाशाकडे उष्णता टाकून बाहेरच्या हवेहूनही गार होतो आणि त्याच्या खालच्या बाजूला घरातल्याच बाष्पाचे थेंब जमतात. पाऊस नसताना अंथरुणावर टपटप पाणी पडले, तर ती गळती नव्हे. रात्री उशिरा भात शिजवला, वाफ कोंडली, तीच परत आली.

आता दुरुस्ती. ती विद्यार्थ्यांनी करायची नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो. पत्र्यावर पाय ठेवायचा तो खाली आडव्या लाकडाचा आधार आहे तेथेच, आणि शक्यतो फळी टाकून. गंजलेला पत्रा वरून धड दिसतो आणि पायाखाली फाटतो. सिमेंटचा जुना पत्रा तर आणखी दगा देतो. शिवाय त्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. सर्व प्रकारचे ॲस्बेस्टॉस कर्करोगाला कारण होते, असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहे. असा पत्रा घासू नये, करवतीने कापू नये, त्याला भोके पाडू नयेत. तो काढायचाच असेल, तर ओला करून, न फोडता, जाणत्या माणसाकडून काढवावा. दाट वस्तीत छपरांवरून विजेच्या तारा गेलेल्या असतात, तिकडेही लक्ष हवे.

पण खालून पाहणी करणे हे काम विद्यार्थ्यांइतके चांगले कोणी करणार नाही. दुपारी दार-खिडकी लावून अंधार करा आणि आढ्याकडे पाहा. उजेडाचे ठिपके कोठे आहेत, डाग कोठून सुरू होतात, ते कागदावर छपराचा आराखडा काढून टिपा. पाणी जेथे टपकते तेथेच शिरलेले असते असे नाही. ते वाशाच्या किंवा पत्र्याच्या खालच्या अंगाने ओघळत दोन-दोन मीटर लांब येते. डागाच्या वरच्या टोकापासून शोध घ्यावा.

आढ्यावरची जुनी दुरुस्ती बहुधा सिमेंटची असते आणि ती तडकलेली असते. त्याचे कारण साधे आहे. तीन मीटर लांबीचा लोखंडी पत्रा पहाटेपासून दुपारपर्यंत ४० अंशांनी तापला, तर तो दीड मिलिमीटरने वाढतो आणि रात्री तेवढाच आखडतो. सिमेंटला ही रोजची ओढाताण सोसत नाही. त्यावर पुन्हा सिमेंट थापणे म्हणजे पैसे पाण्यात. ते सगळे खरवडून काढावे, पत्र्याचा गंज घासून त्यावर तांबडा रंग लावावा आणि रिजची पट्टी नव्याने बसवावी. पट्टीखाली दोन्ही पाख्यांचे पत्रे एकमेकांपासून थोडे दूर संपले पाहिजेत, तीच फट. पन्हळी पत्र्याच्या प्रत्येक खोलगट भागाचा आढ्याकडचा शेवट पक्कडीने वर वाकवावा. मघाशी सांगितलेला बांध तो हाच. हे काम कंटाळवाणे आहे, प्रत्येक पन्हळ निराळी वळवावी लागते, म्हणून पुष्कळ कारागीर ते टाळतात. घरमालकाने आग्रह धरावा. मग लाकडाचे किंवा पत्र्याचे दोन-अडीच सेंटिमीटर उंचीचे तुकडे अंतराअंतरावर देऊन त्यांवर रिज बसवावी. उंदीर-चिमण्यांसाठी जाळी लावायची, ती डासांच्या जाळीइतकी बारीक नको. उपनगरातली धूळ ती एका उन्हाळ्यात बुजवते.

बोल्ट पन्हळीच्या उंचवट्यावरून घ्यावेत, खोलगट भागातून नव्हे, कारण पाणी खोलगट भागातून वाहते. भोक बोल्टपेक्षा किंचित मोठे असावे, म्हणजे पत्र्याला वाढायला जागा राहते, आणि वरून डांबरी वॉशर घालावा. रिजचे तुकडे एकापुढे एक लावताना आपल्याकडचा वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो हे ध्यानात ठेवून पूर्वेच्या टोकापासून सुरुवात करावी आणि प्रत्येक नवा तुकडा आधीच्यावर चढवत पश्चिमेकडे जावे. माशाची खवले जशी डोक्याकडून शेपटीकडे एकावर एक येतात, तसा वारा मग सांध्यावरून घसरून जातो.

कौलारू छपराचे काम सोपे. सैल झालेले कोने उचलावेत, खालची माती झाडावी, कोने भिजवावेत आणि चुन्याच्या मसाल्यावर पुन्हा बसवावेत. मसाला दोन्ही कडांपुरताच लावावा, कोन्याची पोकळी गच्च भरू नये.

बोल्टांचा विषय निघाला म्हणून एक हिशेब आणखी. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ मुंबईजवळून गेले, तेव्हा वाऱ्याचे झोत ताशी १०० किलोमीटरच्या वर गेले होते. या वेगाचा दाब सुमारे ४६० पास्कल, म्हणजे छपराच्या दर चौरस मीटरला ४७ किलो वजनाएवढी ओढ, आणि ती वरच्या दिशेने. कौलांच्या छपराचे वजन चौरस मीटरला ४० किलोच्या आसपास असते आणि सांध्यांतून आतबाहेरचा दाब थोडाफार सारखा होतो, म्हणून ते बहुधा टिकते. पत्र्याचे वजन चौरस मीटरला साडेचार-पाच किलो. त्यावर ठेवलेल्या चार विटांनी काय होणार? उलट त्या विटाच उडून खाली येतात. पत्रा धरून ठेवतात ते बोल्ट, आणि आढ्याजवळची रांग सगळ्यांत जास्त ओढ सोसते.

एवढे सगळे झाले तरी मेच्या दुपारी पत्र्याखालची खोली एकदम थंडगार होईल असे समजू नका. फट हवा बाहेर काढते, पत्र्याचे किरण थांबवत नाही. उन्हात पत्रा ६० अंशांपर्यंत तापला, तर खाली ३५ अंशांवर बसलेल्या माणसाकडे तो चौरस मीटरमागे १५० वॅटच्या वर उष्णता नुसत्या प्रारणाने पाठवतो. त्यासाठी वरून पांढरा रंग द्यावा किंवा पत्र्याखाली हातभर अंतरावर बांबूच्या चटईचे वा प्लायवूडचे छत करावे. असे छत केले, तर आढ्यावरची फट दुप्पट कामी येते, कारण पत्रा आणि छत यांच्यामधली सगळ्यांत तापलेली हवा परभारे निघून जाते. मात्र छताच्या कडेने, वळचणीजवळ, त्या पोकळीत हवा शिरायला वाट ठेवावी लागते. छत भिंतीला चिकटवून सुतार ही वाट बंद करतो. त्याला आधीच सांगून ठेवावे. खोलीतली हवाही आढ्याकडे जावी असे वाटत असेल, तर छताला मध्यावर एक जाळीचा चौकोन ठेवावा. काम झाले की दारावर केलेली खडूची जुनी खूण पुसू नका. दुपारी पुन्हा उदबत्ती लावून नवी खूण तिच्या वर जाते का, ते पाहा आणि दोन खुणांमधले अंतर वहीत लिहून ठेवा.